मोडलेल्या गाडीचे मोल

ह्या सदरात आम्ही बहुधा घरातल्या गोष्टी बोलतो. मुलांचे शिक्षण, म्हाताऱ्या माणसांची सेवा, बांधावरून भावाभावांत होणारे तंटे, हे आमचे नेहमीचे विषय. आज मात्र आम्ही एका मोटारगाडीविषयी लिहिणार आहोत, आणि तीही धडधाकट नव्हे, मोडून पडलेली. कोणी म्हणेल, धर्मगुरूंना मोटारीच्या विम्याशी काय कर्तव्य? प्रश्न रास्त आहे. परंतु आमच्या खेड्यापाड्यांतून आता घरोघर गाडी आली आहे. गाडीबरोबर कर्ज आले आणि कर्जाबरोबर विम्याचा कागद आला. हा कागद आपण ट्रंकेच्या तळाशी ठेवतो, वर्षाकाठी त्याचे पैसे भरतो, आणि अपघात होईपर्यंत तो उघडून पाहत नाही. अपघातानंतर तो उघडतो तेव्हा त्यातील एकही ओळ आपणास उमगत नाही. मग कंपनी जे देईल ते मुकाट्याने घ्यावयाचे, अथवा तिला शिव्याशाप देत बसावयाचे, एवढे दोनच मार्ग आपणास ठाऊक असतात. तिसराही एक मार्ग आहे. तो कसा आहे हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

सन २०२४ च्या जुलै महिन्यातील गोष्ट. आमच्या खानापूर भागात त्या दिवसांत पाऊस कसा कोसळत होता हे येथील वाचकांना सांगावयास नको. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबातील मुलगा वडिलांना घेऊन बेळगावहून परतत होता. वडिलांची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाल्याने आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी बेळगावची वारी त्यांच्या कपाळी आली आहे. वाटेत औषधे घेण्यासाठी मुलाने रस्त्याच्या कडेला गाडी उभी केली आणि वडिलांना हाताला धरून दुकानाच्या पडवीत बसविले. इतक्यात पावसाने मुळाशी खिळखिळे झालेले एक जुने झाड कडाडून गाडीवर कोसळले. टप पार बसला, इंजिनाचा भाग चेपला, काचांचा चुरा झाला. गाडीत कोणी नव्हते ही देवाची कृपा. गाडी गेली, माणसे राहिली.

पुढे दोन-तीन आठवड्यांनी रविवारची मिस्सा आटोपल्यावर तो मुलगा आणि त्याची आई आमच्या कचेरीत आली. मुलाच्या हाती कंपनीचे इंग्रजी पत्र होते.

“फादर, एवढं वाचून सांगा,” आई म्हणाली. “ह्यांना म्हटलं तर ते म्हणतात, मिळतंय ते घ्या आणि मोकळे व्हा. आता भाड्याच्या गाडीला एका खेपेला हजार-बाराशे मोजतोय आम्ही. बँकेचा हप्ता आहेच. मोकळं व्हायचं म्हणजे कसं?”

आम्ही पत्र वाचले. त्यातील हिशेब येणेप्रमाणे होता. गाडीची बाजारातील किंमत रु. २,७५,०००. त्यातून मोडक्या गाडीच्या भंगाराचे रु. ७०,००० वजा, कारण भंगार मालकाकडेच राहणार. मालकाने सोसावयाचे रु. १,००० वजा. बाकी रु. २,०४,००० मान्य असल्यास सोबतच्या कागदावर सही करून पाठवावी. गाडीवर बँकेचे दीड लाख कर्ज अद्याप उरले होते, आणि गाडी तारण असल्याने हे पैसे प्रथम बँकेकडे जाणार होते. म्हणजे घरी येणार चोपन्न हजार रुपये आणि अंगणात एक लोखंडाचा सांगाडा.

“बाई, पॉलिसी आणली आहे काय?” आम्ही विचारले.

पॉलिसी आणली नव्हती. वाचकहो, बहुतेकांचे असेच होते. कंपनीचे पत्र आपण दहादा वाचतो. ज्या करारावर ते पत्र उभे असावयास हवे तो करार मात्र घरीच असतो. आम्ही मुलाला सायकलवरून घरी पिटाळले. अर्ध्या तासात तो कागद घेऊन आला. त्याच्या पहिल्याच पानावर, एका चौकटीत, आय.डी.व्ही. ह्या तीन अक्षरांपुढे आकडा छापलेला होता : रु. ३,६०,०००.

ह्या तीन अक्षरांचा अर्थ प्रत्येक गाडीमालकाने पाठ करून ठेवावा. आय.डी.व्ही. म्हणजे विमा उतरविताना कंपनी आणि मालक ह्या दोघांनी मिळून मान्य केलेले गाडीचे घोषित मूल्य. पूर्वी पॉलिसीवर मालकाने अंदाजाने सांगितलेली किंमत लिहीत. हप्ता त्या किमतीवर घेत, पण गाडी नष्ट झाली की त्या दिवसाचा बाजारभाव किती ह्यावर वाद सुरू होई. मालक एक भाव सांगे, कंपनी दुसरा. १ जुलै २००२ पासून मोटार विम्याची जी नवी नियमावली देशभर लागू झाली तिने ही पद्धत बदलली. पॉलिसी सुरू होतानाच मूल्य ठरवावे, आणि त्या पॉलिसीच्या मुदतीत गाडी चोरीस गेली अथवा पुरती निकामी झाली, तर तेच मूल्य बाजारभाव म्हणून धरावे, त्यातून पुन्हा घसारा कापू नये, असा दंडक तिने घातला. पुढे २००७ सालापासून हप्त्याचे दर ठरविण्याची मोकळीक कंपन्यांना मिळाली. तरी घोषित मूल्याची ही व्यवस्था पॉलिसींतून कायम राहिली.

हे मूल्य ठरते कसे? कारखानदाराने त्या जातीच्या गाडीची जी विक्रीची किंमत जाहीर केलेली असते, ती घ्यावयाची. ती किंमत विमा उतरविण्याच्या वेळची, आपण गाडी घेतली त्या वेळची नव्हे. त्यात नोंदणीचा खर्च व रस्त्याचा कर धरीत नाहीत. मग गाडीच्या वयाप्रमाणे घसारा वजा करावयाचा. सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, एक वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीन वर्षांपर्यंत ३०, चार वर्षांपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के. ह्या कुटुंबाची गाडी २०२० सालच्या अखेरीस घेतलेली, आणि पॉलिसीचे नूतनीकरण २०२४ च्या जानेवारीत झालेले. म्हणजे तीन वर्षांहून अधिक, चारांहून कमी. तशा गाडीची जाहीर किंमत तेव्हा सहा लाख होती. त्यातून ४० टक्के, म्हणजे २,४०,००० वजा जाता उरले ३,६०,०००. चौकटीतील आकडा बरोबर होता, आणि त्याच आकड्यावर कंपनीने वर्षाचा हप्ता वाजवून घेतला होता.

आता दुसरा प्रश्न. गाडी “पुरती निकामी” झाली असे केव्हा म्हणावयाचे? नेहमीच्या पॉलिसीत ह्याचेही माप दिलेले असते. गाडी उचलून आणण्याचा व दुरुस्तीचा खर्च घोषित मूल्याच्या ७५ टक्क्यांहून अधिक होत असेल तर ती दुरुस्त न करता निकामीच समजतात. गॅरेजवाले त्याला टोटल लॉस म्हणतात. ३,६०,००० चे ७५ टक्के म्हणजे २,७०,०००. बेळगावच्या गॅरेजने दुरुस्तीचा अंदाज दिला होता २,९५,०००. तेव्हा गाडी निकामी ठरली ह्याविषयी कंपनीचाही वाद नव्हता. वाद होता तो एवढाच, की निकामी गाडीचे मोल कोणत्या आकड्यावरून द्यावयाचे.

कंपनीच्या सर्व्हेअरने जुन्या गाड्यांच्या दोन व्यापाऱ्यांकडे चौकशी करून २,७५,००० हा भाव काढला होता. आम्ही त्याला लबाड म्हणणार नाही. ती गाडी पावसापूर्वी बाजारात विकावयास नेली असती तर कदाचित तेवढेच पैसे आले असते. परंतु गाडी विकावयास काढलेली नव्हती. बाजारात काय मिळाले असते हा प्रश्न पॉलिसीने जानेवारीतच मिटवून टाकला होता. सर्व्हेअरने तो जुलैमध्ये पुन्हा उकरून काढला. त्याचे उत्तर चुकले नव्हते, प्रश्न चुकला होता.

ह्या संबंधात देशाच्या सर्वोच्च न्यायालयाचे दोन निर्णय वाचकांनी ध्यानात ठेवावेत. २००८ साली एका अपघातग्रस्त वाहनाच्याच प्रकरणात न्यायालयाने सांगितले, की जी किंमत मान्य करून कंपनीने हप्ता स्वीकारला त्या किमतीने ती बांधलेली आहे. भरपाईची वेळ आल्यावर तिला ती किंमत नाकारता येत नाही. २००९ साली न्यायालयाने आणखी सांगितले, की सर्व्हेअरचा अहवाल महत्त्वाचा खरा, पण तो शेवटचा शब्द नव्हे. म्हणून “सर्व्हेअरने लिहिले, आता काय उपाय?” असे म्हणून हातपाय गाळण्याचे कारण नाही.

भंगाराचीही गोष्ट तशीच. मोडकी गाडी स्वतःकडे ठेवावयाची असेल तर तिची किंमत भरपाईतून वजा होणे न्याय्यच आहे. परंतु ती ठेवून घेण्याची सक्ती मालकावर नाही. गाडी कंपनीच्या हवाली करून पूर्ण रक्कम मागता येते. आमच्या सांगण्यावरून मुलाने दोन भंगारवाल्यांना सांगाडा दाखविला. पंचेचाळीस हजारांच्या वर कोणी जाईना. म्हणजे कागदावर सत्तर हजारांचा सांगाडा गळ्यात बांधून कंपनी मोकळी होणार, आणि त्याचे पंचेचाळीस हजार करताना ह्या लोकांची दमछाक होणार. किमतीत पंचाऐंशी हजार आणि भंगारात पंचवीस हजार, मिळून एक लाख दहा हजारांचे नुकसान त्या एका सहीने झाले असते.

येथवर आम्ही कंपनीची चूक सांगितली. आता आपल्या माणसांविषयी दोन शब्द सांगितले नाहीत तर आम्ही अर्धेच सत्य बोललो असे होईल.

त्या मुलाच्या वडिलांनी आम्हाला निरोप धाडला, की गाडी घेताना आम्ही साडेसहा लाख मोजले आहेत, फादरांनी तेवढे मिळवून द्यावेत. आजारी माणसाचा निरोप, म्हणून आम्ही स्वतः त्यांच्या घरी गेलो. त्यांना म्हटले, “बाबा, तुम्ही साडेसहा मोजलेत हे खरे. पण त्यात कर होता, नोंदणी होती; आणि साडेतीन वर्षे तुम्ही ती गाडी वापरलीत. जे वापरून झाले त्याचे पैसे मागणे हाही अन्यायच. आपण आपले तीन लाख साठ हजार मागू, त्यातून पॉलिसीप्रमाणे एक हजार आपण सोसू. त्याहून एक रुपया अधिक नको, आणि एक रुपया कमीही नको.” नवी गाडी येईल एवढी भरपाई देणारे वेगळे कलम जादा हप्ता भरून पॉलिसीला जोडता येते, त्यास रिटर्न टू इन्व्हॉइस म्हणतात. ते त्यांनी घेतलेले नव्हते. झिरो डेप नावाचे कलम होते. पण त्याचा लाभ सुटे भाग बदलताना होतो, गाडी संपूर्ण गेल्यावर घोषित मूल्याच्या वर तो काही देत नाही. म्हाताऱ्याने थोडा वेळ विचार केला आणि मान डोलाविली.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक. घरातील एका पाहुण्याने सल्ला दिला, की महागडा टेप आणि चाकांचा नवा संच बसविला होता अशी पावती मागच्या तारखेची करून आणतो. कंपनी आपल्याला लुबाडते, आपण तिला लुबाडू. हे ऐकून मुलाच्या डोळ्यांत क्षणभर चमक आलेली आम्ही पाहिली. आम्ही त्याला एवढेच म्हणालो, “बाळा, आज तुझ्या हाती एक खरा कागद आहे. त्याच्या शेजारी एक खोटा कागद ठेवलास तर दोन्ही खोटे होतील.” खोट्या पुराव्याने मागितलेली भरपाई संपूर्ण नाकारण्याचा हक्क कंपनीस असतो. पण तो हक्क नसता तरीही आम्ही हेच सांगितले असते. आपले हक्काचे मागणे म्हणजे लोभ नव्हे. तसेच दुसऱ्याने वजनात मारले म्हणून आपणही वजनात मारणे म्हणजे न्याय नव्हे. पावती आली नाही. पाहुणे रागावून जेवणाआधीच निघून गेले.

तिसरी गोष्ट शेजारच्या गावातील एका सद्गृहस्थांची. त्यांची गाडी चोरीस गेली. तिचेही घोषित मूल्य ३,६०,००० च्या आसपास यावयास हवे होते. पण नूतनीकरणाच्या वेळी एजंटाने सांगितले, की मूल्य खाली आणले तर हप्ता उतरेल. ह्यांनी हो म्हटले. मूल्य २,९०,००० लिहिले गेले आणि हप्त्यात दोन हजारांच्या आतच काहीतरी वाचले. चोरीनंतर त्यांना २,९०,००० च्या हिशेबाने पैसे मिळाले. आमच्याकडे येऊन ते कंपनीला फार बोलले. आम्ही त्यांची पॉलिसी पाहिली आणि आम्हाला त्यांना सांगावे लागले, की येथे कंपनीचा दोष नाही. जो आकडा कंपनीला बांधतो तोच आपणालाही बांधतो. दोन हजार वाचविताना सत्तर हजार गेले.

असो. आता त्या कुटुंबाने पुढे काय केले ते सांगतो, कारण तो मार्ग कोणासही चोखाळता येण्याजोगा आहे.

सर्वप्रथम त्यांनी सही केली नाही. “पूर्ण व अंतिम” असे शब्द असलेल्या कागदावर घाईने सही करू नये. अशी सही झाली म्हणून अधिक भरपाई मागण्याचा हक्क बुडत नाही, असे विमा नियामक प्राधिकरणाने २०१५ साली कंपन्यांना बजावलेले आहे. तरीही सही केल्यावर भांडण्यापेक्षा न करता भांडणे सोपे. अडचणीमुळे पैसे घ्यावेच लागले तर “हरकत राखून स्वीकारले” असे शब्द त्या कागदावरच लिहावेत.

मग त्यांनी सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत लेखी मागितली. ती आल्यावर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यास एक पानी पत्र लिहिले. पत्रात रागाचा एक शब्द नव्हता. पॉलिसीचा क्रमांक, अपघाताची तारीख, घोषित मूल्य रु. ३,६०,०००, दुरुस्तीचा अंदाज रु. २,९५,०००, म्हणजे ७५ टक्क्यांच्या वर. सबब पॉलिसीप्रमाणे रु. ३,५९,००० द्यावेत, मोडकी गाडी कंपनीने न्यावी, आणि बाजारभाव कोणत्या कलमाच्या आधारे धरला ते कळवावे. शेवटचे वाक्य महत्त्वाचे. कलम विचारले की समोरच्याला कागद उघडावा लागतो. पत्र नोंदणीकृत टपालाने धाडले आणि पोच जपून ठेवली.

सप्टेंबरात उत्तर आले : सर्व्हेअरचा अहवाल योग्य आहे. कलमाचा उल्लेख नव्हता.

त्या संध्याकाळी आई पुन्हा कचेरीत आली. बँकेचा हप्ता भरण्यासाठी दोन म्हशींपैकी एक त्यांनी विकली होती. “फादर, आता मिळतंय ते घेऊ का?” तिने विचारले. खरे सांगावयाचे तर आम्हालाही क्षणभर वाटले, की घ्या म्हणावे. चोपन्न हजार आज, आणि अधिकाची नुसती आशा उद्या; घरात आजारी माणूस. दुसऱ्याच्या घरच्या उपासावर आपण तत्त्व शिकवू नये हे आम्ही जाणतो. म्हणून आम्ही सल्ला दिला नाही. पुढे काय करता येते, त्यास किती दिवस लागतात आणि किती खर्च येतो एवढे सांगितले, आणि निर्णय तिच्यावर सोपविला. खर्च काही नाही असे ऐकल्यावर ती म्हणाली, “मग थांबते. म्हैस तर गेलीच आहे.”

पुढची पायरी होती विमा लोकपालाची. ही व्यवस्था सरकारने नेमकी अशाच लोकांसाठी केली आहे. कंपनीकडे लेखी तक्रार केल्यावर तिने ती फेटाळली, अथवा महिनाभर उत्तरच दिले नाही, तर लोकपालाकडे जाता येते. फेटाळल्यापासून एक वर्षाच्या आत जावे लागते. शुल्क नाही. वकील लागत नाही, नव्हे, चालतही नाही. आपले म्हणणे आपणच मांडावयाचे. पन्नास लाखांपर्यंतची भरपाई लोकपाल देववू शकतात, आणि त्यांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. आपणास तो पसंत न पडल्यास ग्राहक आयोगाचे दार मात्र आपणासाठी उघडेच राहते.

मुलाने ऑक्टोबरात बंगळुरूच्या लोकपालांकडे अर्ज केला. सुनावणी जानेवारी २०२५ मध्ये झाली. त्यासाठी बंगळुरूस जावे लागले नाही; मोबाईलच्या पडद्यावर झाली. आमच्याच कचेरीत तो मुलगा स्वच्छ सदरा घालून बसला होता. त्याचा आवाज कापत होता. पण सांगावयाचे होते ते एवढेच : “साहेब, पॉलिसीवर तीन लाख साठ हजार लिहिलंय. त्याच्यावर माझ्याकडून पैसे घेतलेत.” कंपनीच्या प्रतिनिधीस विचारण्यात आले, की बाजारभाव धरण्याचे कलम कोणते. तसे कलम त्यांना दाखविता आले नाही. फेब्रुवारीत निवाडा आला : रु. ३,५९,००० द्यावेत, मोडकी गाडी कंपनीने ताब्यात घ्यावी. महिन्याभरात पैसे जमा झाले. बँकेचे उरलेले देणे फिटून सव्वादोन लाखांच्या आसपास घरी आले.

सगळे गोड झाले असे आम्ही म्हणणार नाही. मधल्या महिन्यांचे व्याज गेले, भाड्याच्या गाडीचे पैसे गेले, आणि म्हैस काही परत आली नाही. पण आलेल्या पैशांत त्यांनी एक जुनी, चांगली गाडी घेतली. वडिलांची बेळगावची वारी पुन्हा घरच्या गाडीतून सुरू झाली आहे.

वाचकांसाठी आणखी तीन सूचना.

पहिली, ज्यांच्या गाड्या पाच वर्षांहून जुन्या आहेत त्यांच्यासाठी. खेड्यातील बहुतेक गाड्या अशाच असतात. वर सांगितलेले टक्क्यांचे कोष्टक पाच वर्षांपर्यंतच चालते. पुढे घोषित मूल्य कंपनी आणि मालक ह्यांनी आपसात ठरवावयाचे असते. आपण गप्प राहिलो तर समोरचा लिहील तोच आकडा ठरतो. म्हणून नूतनीकरणापूर्वी तशाच गाड्यांचे भाव दोन-तीन ठिकाणी विचारावेत, दुरुस्तीच्या व टायरांच्या पावत्या दाखवाव्यात, आणि मूल्य रास्त लिहून घ्यावे. आकडा फार चढवूनही लाभ नाही. हप्ता तेवढा वाढतो, आणि वेळ आली की वादाला तोंड फुटते.

दुसरी सूचना मोडक्या गाडीविषयी. भंगारवाल्यास गाडी देऊन आर.सी. आपल्याच नावावर ठेवणे ही फार धोक्याची गोष्ट आहे. उद्या ती गाडी अथवा तिचा क्रमांक कोणी गैरकामास वापरला तर पोलीस आपल्याच दारी येतील. गाडी नष्ट झाली अथवा कायमची निकामी झाली तर चौदा दिवसांच्या आत आर.टी.ओ.स कळवावे, असे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५५ सांगते. गाडी कंपनीस द्या अथवा भंगारवाल्यास, ताबा दिल्याची लेखी पोच घ्या, आणि नोंदणी रद्द झाली अथवा नाव बदलले ह्याची खातरजमा करा.

तिसरी सूचना, कोणी कोठे जावे ह्याविषयी. हे पत्र निरनिराळ्या प्रांतांत वाचले जाते. आम्हा बेळगावकरांचे लोकपाल बंगळुरूस बसतात. गोव्याच्या वाचकांनी पुण्यास लिहावे, इंदूर व ग्वाल्हेरच्या वाचकांनी भोपाळला, बडोद्याच्या वाचकांनी अहमदाबादला. हैदराबादकरांचे कार्यालय त्यांच्याच शहरी आहे. कंपनी दाद देत नसेल तर विमा नियामक प्राधिकरणाच्या १५५२५५ ह्या क्रमांकावर दूरध्वनी करूनही तक्रार नोंदविता येते. ज्यांना ग्राहक आयोगाकडेच जावयाचे असेल त्यांनी दोन वर्षांची मुदत सांभाळावी. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करता येते.

आणि आज एवढे करा. हा अंक खाली ठेवल्यावर ट्रंक उघडा, पॉलिसीचा कागद काढा, आणि त्या चौकटीतील आकडा पाहा. तो वाजवी आहे काय, एजंटाने न विचारता कमी तर केला नाही ना, नूतनीकरणाची तारीख कोणती, हे एका वहीत लिहून ठेवा. घरातील शिकत्या मुलाकडून किंवा मुलीकडून वाचून घ्या. त्या निमित्ताने त्यांच्या शिक्षणाचाही घराला उपयोग होईल. न समजल्यास कागद घेऊन या. आमची कचेरी मिस्सेनंतर उघडी असते. फक्त येताना पत्राबरोबर पॉलिसीही आणा, म्हणजे कोणाला सायकलवरून पिटाळावे लागणार नाही.